खळ वाळेपर्यंत

१९ जून, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींची कंबर आता कशी आहे? आम्ही तिघं मजेत आहोत. तिघं हे चुकून लिहिलेलं नाही, पण त्यावर यायला मला जरा वेळ दे.

बाइंडिंगखान्यात कागद कापायचं नवं यंत्र आलंय. ह्यांना त्याचं इतकं कौतुक, की जुन्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी सध्या घरीच असते.

बरं, आडवळणं पुरे झाली. तू अबोला धरलास त्या दिवशी जेवताना तू विचारलंस, "पाळणा कधी हलणार गं?" मी म्हणाले, "खळ वाळू दे की." तू ताट तसंच टाकून उठलीस. आमच्याकडे हे रोजचं बोलणं आहे. पुस्तकाच्या कण्याला खळ लावली की ते दाबाखाली ठेवायचं, ओलं असताना उघडलं तर पानं हातात येतात. तुला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती गं. थोड्याच दिवसांपूर्वी माझं ऑपरेशन झालं होतं.

गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडेच चालली होती. डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग कापून काढला आणि बजावलं, "जखम नीट भरू द्या. लगेच दिवस राहिले तर बाळ वेळेआधी येण्याची भीती जास्त. वर्षभर थांबलात तर उत्तम." आईच्या आजारपणात तुझे झालेले हाल मी पाहिलेत. कॅन्सर हा शब्द तुझ्यासमोर काढायला माझी जीभ रेटेना.

थांबलो. मधे माझा धीर सुटला, म्हटलं होईल ते होईल. हे एरवी माझ्या हो ला हो करणारे, पण तेव्हा अडूनच बसले. "खळ वाळू दे," एवढंच म्हणायचे.

मग दिवस राहिले. तेही टिकतील याचा भरवसा नव्हता, म्हणून तुला कळवलं नाही. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीत गर्भाशयाचं ते तोंड पुन्हा पुन्हा मोजायच्या. पडद्यावर दोन ठिपके आणि त्यांच्यामधे करडी पट्टी, माझ्या करंगळीच्या पेराएवढी. ताई, तेवढ्यावर अख्खं पोर तोललेलं. वरून ही लाथा झाडतेय, आणि खाली कापून उरलेली ती चिमूटभर जागा घट्ट मिटून बसलीय. मी नुसती बघत राहायचे. इतकी वर्षं पुस्तकं बांधतेय, पण अशी बांधणी पाहिली नव्हती. एकदा न राहवून विचारलं, "या एवढ्याशा जागेला हे कुणी शिकवलं हो?" बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही. मी फक्त मोजते."

आणि ही पोरगी पूर्ण दिवस भरून आली. वर उशीरच केला, शेवटी बाईच म्हणाल्या की आता बाहेर या म्हणावं.

आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. आईला घास भरवताना तू जी हनुवटी हातात धरायचीस ना, तीच घेऊन आलीय. ये ना ताई. राग गेला नसेल तर रागावूनच ये, पण ये.

वर्षभर थांबू शकले, पण आता तुझ्यासाठी एक दिवसही थांबवत नाही, अशी

तुझी धाकटी