मागच्या बाकाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार याच घराचा वरचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न भाच्याने केला होता, पण तो चहा पिऊन परत गेला. मन शाबूत असल्याचा दाखला मी समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे मागितला. ते म्हणाले, "बाई, दात शाबूत नाहीत, एवढं मी लिहून देऊ शकतो." साक्षीदार म्हणून सही करायला मात्र ते कबूल झाले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केलेले सापडलेच तर ते रद्द समजावे. माझे लग्न झालेले नाही, त्यामुळे नाराज व्हायला माणसे कमी आहेत. हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे: माझ्या पश्चात खालच्या मोठ्या खोलीचे तीन तुकडे होऊ नयेत.

कलम १. घराचा वरचा मजला, आतल्या सामानासह, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला द्यावा. तो मनाने वाईट नाही. आमच्या प्रशिक्षण संस्थेचा चिटणीस झाल्यापासून मात्र त्याला प्रत्येक गोष्टीचे परिपत्रक काढायची खोड लागली आहे. नळ गळतो. परिपत्रकाने तो थांबणार नाही, वायसर बदलावा.

कलम २. खालची खोली, पाच खिडक्या, फळा, बावीस खुर्च्या आणि मागचा बाक, हे सर्व तिथे भरणाऱ्या वर्गाला द्यावे. हा वर्ग एकतीस वर्षे चालू आहे. शाळेत मुलांना धर्माची ओळख करून देणारे शिक्षक इथे तयार होतात. माझे, मौलवीसाहेबांचे आणि फादरांचे विद्यार्थी एकत्र बसतात. आधी तिघांचे वर्ग वेगळे होते. प्रत्येक जण आपापला धर्म घोकून शाळेत जायचा, आणि मुलाने "शेजारच्या घरातले असं का करतात?" असे विचारले की मनाला येईल ते ठोकून द्यायचा. मीही दिले आहे. त्याची लाज वाटली म्हणून हा वर्ग सुरू झाला.

वर्गाचा नियम असा. स्वतःच्या धर्माचा पाठ कोणी द्यायचा नाही, दुसऱ्याच्या धर्माचा द्यायचा. ज्याच्या धर्माचा पाठ असेल त्याचा माणूस मागच्या बाकावर बसणार. पाठ संपेपर्यंत त्याने तोंड उघडायचे नाही. संपल्यावर शेरे दोनच. 'हे आम्हीच' म्हटले तर पास. 'हे आम्ही नव्हे' म्हटले तर कारण ऐकून घ्यायचे आणि पाठ पुन्हा द्यायचा. मधला शेरा नाही. हा नियम तिघांनी मिळून केला आणि पहिल्याच आठवड्यात तो माझ्यावर उलटला.

मी रोजा या विषयावर पाठ दिला. चांगला दिला. गरिबाची भूक श्रीमंताला कळावी म्हणून उपास धरतात, असे सांगितले. वर्ग डोळे पुसायच्या बेतात होता. मौलवीसाहेब मागून म्हणाले, "हे आम्ही नव्हे."

मी म्हटले, "का हो?"

"आमच्या गल्लीत एक हातगाडीवाला आहे. तो वर्षभर अर्धपोटी असतो. रोजा तोही धरतो. त्याला कोणाची भूक कळायची राहिली आहे?"

मी पाठाच्या कागदाची घडी घातली आणि वर जाऊन नवा पाठ लिहायला घेतला. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही सापडलेले नाही. तो पाठ मी आणखी तीन वेळा दिला. चौथ्या वेळी त्यांनी कागदावर लिहिले, 'सुधारणा आहे.' हा शेरा नियमात बसत नाही. मी तेव्हाही सांगितले, आता कायदेशीर कागदावर सांगते. माझ्या हिशेबी तो पाठ एकतीस वर्षे अनिर्णित आहे आणि मला त्याचा राग आहे.

उट्टे मी काढले. त्यांनी आमच्या पूजेवर पाठ दिला आणि सांगितले की हे लोक देवासमोर बसून आपापले मागणे मागतात. मी म्हटले, "हे आम्ही नव्हे. मी चाळीस वर्षांत काही मागितलेलं नाही."

"मग रोज करता काय?"

"बसते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुढच्या आठवड्यात तोच पाठ इतका छान दिला की मला 'हे आम्हीच' म्हणावे लागले. तेही माझ्या मनात आहे.

कलम ३. फादरांना माझी लाल पेन्सिल द्यावी. तिला टोक काढलेले नाही. एकतीस वर्षांत या गृहस्थांनी एकालाही नापास केलेले नाही. एका पोराने येशूचे शिष्य दहा सांगितले, तेव्हा हे म्हणाले, "दोघे उशिरा आले असतील." आणि पास! त्यांनी या पेन्सिलीला टोक काढावे आणि मरण्यापूर्वी निदान एकाला 'हे आम्ही नव्हे' म्हणावे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. ते कोणालाच नाही म्हणत नाहीत, म्हणून मलाही म्हणणार नाहीत.

कलम ४. एकशे बारा स्क्रू, बरणीसह, भाच्याला द्यावेत. कारण लिहून ठेवते. गेल्या साली माझ्या एका विद्यार्थिनीला मौलवीसाहेबांनी त्यांच्या धर्मावरच्या पाठात नापास केले. तिला सगळे कडक बाई म्हणतात, वय सव्वीस असून. तिने संस्थेकडे तक्रार केली, की परक्या धर्माच्या माणसाने मला नापास का करावे? चिटणिसांनी, म्हणजे भाच्याने, परिपत्रक काढले. मी बहिणीच्या नणंदेकडे चार दिवस गेले होते. परत येऊन पाहते तो खोलीत प्लायवूडच्या दोन भिंती! तीन कप्पे, तीन दारे, दारांवर तीन पाट्या.

"मावशी, आता भांडणं तरी मिटतील," भाचा म्हणाला.

"अरे गाढवा, भांडता यावं म्हणून तर एक खोली ठेवली होती."

"तुझं घर आहे म्हणून ऐकतोय. तू आहेस तोवर ठीक आहे. पुढचं पुढे बघू."

हे 'पुढचं पुढे' माझ्या काळजात रुतून बसले. त्या रविवारी दुपारी मी स्वतः पेचकस घेऊन एकटीने दोन्ही भिंती उतरवल्या. फळ्या जिन्याखाली आहेत. त्याही भाच्याने न्याव्यात, कपाट चांगले होईल.

कलम ५. खालची खोली देताना अट एकच. तिच्यात कोणत्याही कारणाने आडवी किंवा उभी भिंत, पडदा, कपाटाची रांग उभी राहिली, किंवा मागच्या बाकावर कोणी नसताना पाठ झाला, आणि असे सलग तीन महिने चालले, तर खोली भाच्याला मिळावी. मसुदा तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "अहो, म्हणजे भिंत घातली की त्याचा फायदा!" मला ते ठाऊक आहे. त्याला फायदा दिसेल आणि वर्गातल्या तिन्ही धर्मांच्या माणसांना तो दिसत राहील. आपसात फाटले तर खोली जाणार, हे माहीत असलेले बरे. शिवाय पोरगा मी वाढवलेला आहे. तो मोह आवरेल असे मला वाटते. नाही आवरला तर माझे शिकवणे कच्चे होते.

कलम ६. मागच्या बाकावर माझ्या जागी कडक बाईने बसावे. होय, तक्रार करणारीच. तिने उरलेला पाठ पुरा करून आधी पास व्हावे, मग बसावे. भाचा म्हणेल, म्हातारीला चळ लागला. पण नापास झाल्यावर तिचे कान लाल झाले होते ते मी पाहिले आहे. माझेही झाले होते. बाकीचे मान हलवून कारण उतरवून घेतात आणि बाहेर जाऊन विसरतात. तिला ते झोंबले, आणि झोंबले म्हणून ती ग्रंथालयात जाऊन आठ दिवस बसली. तिला हे अजून कोणी सांगितलेले नाही. फादरांनी सांगावे, गोड बोलून.

बाकाचा डावा पाय आखूड आहे. त्याखाली घडी करून घातलेला कागद म्हणजे माझा रोज्याचा पहिला पाठ. तो काढू नये, बाक डुगडुगतो.

कलम ७. मौलवीसाहेबांना काहीही नाही. भाच्याने याचा भलता अर्थ लावू नये. ज्याने साक्षीदार म्हणून सही केली त्याला काही ठेवता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मी त्यांना विचारले, "बाक हवा की सही करता?" ते म्हणाले, "बाक टोचतो. सही करतो." त्यांच्याइतके माझे ऐकून न घेणारे दुसरे कोणी मला भेटले नाही. त्यांची मला फार सवय झाली आहे. जायची भीती वाटत नाही, पण सोमवारी अकरा वाजता त्यांच्याशी वाद घालायला मी नसेन याचे वाईट वाटते.

कलम ८. माझी शोकसभा घेऊ नये. घ्यायचीच तर वर्गाच्या वेळेत घ्यावी, म्हणजे पाठ बुडणार नाही. भाषण मौलवीसाहेबांनी करावे. मेल्यावर माणसाचे काय होते याबद्दल आमचे लोक काय मानतात, या विषयावर वीस मिनिटे. मागच्या बाकावर कडक बाई.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली. सही वाकडी आली आहे. हात दुखतो, मन नाही.

स्थळ : खालची खोली, पाचही खिडक्या उघड्या
दिनांक : बारा जून, शनिवार, दुपारचे चार
लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार पहिले : (सही) दातांचे डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. दातांबद्दल मी आधी सांगितले ते कायम.

साक्षीदार दुसरे : मी हे सर्व मागच्या बाकावर बसून, मध्ये न बोलता ऐकले. दुरुस्ती एक. कलम ४ मध्ये भिंती एकटीने उतरवल्याचे लिहिले आहे. स्क्रू चाळीस झाल्यावर बाईंचा हात चालेना. उरलेले बहात्तर मी काढले. त्यांनी मला कोणाला सांगू नका म्हटले होते, म्हणून सांगितले नव्हते. कलम २ मधला शेरा नियमात बसत नव्हता, हे मान्य. तो इथे दुरुस्त करतो.

हे आम्हीच.

(सही) मौलवी