बंद न पडणारा पंखा

आदरणीय दाजी,

मेव्हण्याचा वाकून नमस्कार. ताईचे गुडघे बरे असतील, आणि ती अजून जिना चढताना माझा उद्धार करत असेल (जिना मीच बसवलाय). आधी हिशेब. तुमच्या चिरंजिवांच्या अणुभट्टीला दिलेला पंखा मला असा पडला: पत्रा घरचा, मोटार घरची, बॅटरी दुकानातली, आणि वर भाच्याने मामाशी धरलेला अबोला.

त्यांच्या भट्टीत इंधन वितळलेल्या मिठात विरघळवून फिरवतात (चाचणीत नुसतंच तापलेलं मीठ होतं, ताईला घाबरवू नका). तळाच्या नळीत त्याच मिठाचं गोठलेलं बूच असतं, आणि ते गोठलेलं राहावं म्हणून त्यावर पंखा. वीज गेली की पंखा थांबतो, बूच वितळतं, सगळं मीठ खालच्या टाकीत उतरतं आणि नुसत्या हवेवर निवत बसतं. माणसाने बोटही लावायचं नाही. भाच्याने हे मला समजावलं, मी मान हलवली. पण माझा पंखा आजवर कुठे बंद पडलेला नाही, आणि पोराची बढती या चाचणीवर. पाहुण्यांसमोर पंखा थांबला तर त्याची काय शोभा? म्हणून मी गुपचूप बॅटरी जोडून दिली.

भाच्याच्या साहेबांनी थाटात मुख्य खटका ओढला. दिवे गेले, पंखा चालूच. पाहुणे रिकाम्या टाकीत डोकावून थकले. मी भाच्याच्या कानात म्हटलं, "बघ, मामाचा माल." तो पांढराफटक. "मामा, तो बंद पडायलाच बसवलाय."

साहेब मुरलेले. घसा साफ करून म्हणाले, "पाहिलंत, वीज गेली तरी आमची यंत्रणा डगमगत नाही." टाळ्या पडल्या. फक्त एका वयस्कर बाईंनी (पाहुण्यांतल्या एकट्या इंजिनिअर) विचारलं, "मग मीठ खाली कधी येणार?" साहेबांनी चहा मागवला.

नंतर बंद खोलीत भाच्याची हजेरी घेतली. बॅटरी कुणाची, हे पोराने सांगितलं नाही. फेरचाचणी फसली तर बढती विसर, एवढं ऐकून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता गेला.

तुमचा मेव्हणा

ता. क. फेरचाचणीला दुसऱ्याचा पंखा आणू नको, एवढं त्याला बापाच्या अधिकाराने सांगा. बॅटरी लावणार नाही, ताईची शपथ.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात भाच्याचा फोन आला. आपणहून बोलला. फेरचाचणी आजच उरकली, पंखा माझाच ठेवला होता म्हणे. साहेबांचं भाषण चालू असतानाच मीठ खाली उतरलं, टाकीत आपोआप निवलं, बढती पक्की झाली. खटक्याला अजून कुणी हात लावला नव्हता. पंखा वीज असतानाच बंद पडला होता.