काढून टाकलेल्या दोन ओळी

४ मार्च

अखेर संकेतस्थळाचे नियंत्रण-पॅनेल मीच उघडले! माझ्या व्याकरणविषयक संकेतस्थळाचा पत्ता तीन 'डब्ल्यू' जोडल्याशिवाय उघडत नव्हता. संकेतस्थळाला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यांना सांगून थकलो. हवी ती नोंद स्वतः घातली – उघडला!

पण त्या डीएनएसच्या, म्हणजे पत्त्यांच्या नोंदींच्या, तक्त्यातला पसारा! आमच्याच डोमेनचे – संकेतस्थळाच्या पत्त्याचे – नाव ओळीमागून ओळ. दोन ओळी तर जुळ्या बहिणी : 'एमएक्स', बाकी एका अक्षराचा काय तो फरक, आकडा एकीत दहा, दुसरीत वीस. जन्मभर मुद्रिते तपासली. पुनरुक्ती दिसली की हात शिवशिवतो. एक उडवली. संकेतस्थळ चालूच. मग दुसरीही उडवली. पॅनेलने काही इशारा दिला. त्यातले मराठी इतके गबाळे, की पुरते वाचवेना.

९ मार्च

मुलगी हिवाळ्यापासून माहेरी आहे. जावयाने तिला खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली होती. त्या माणसाबद्दल याहून अधिक लिहून शाई विटाळत नाही.

ती नोकरीसाठी अर्ज करते आहे. अर्जावर आमच्या डोमेनवरचा मेलचा पत्ता घालते – मीच घालायला लावला. नावापुढे आकडे चिकटवलेला फुकटचा पत्ता देणाऱ्याला कोण विचारतो!

तिने आईला सांगितले आहे : “महिनाअखेर काही जमलं नाही, तर जाईन परत. इथे फुकट किती दिवस खाऊ?”

असले बोलणे ती माझ्यापाशी कधी बोलत नाही.

१५ मार्च

एकाही अर्जाचे उत्तर नाही. जेवताना म्हणालो, “अर्जाची भाषा दाखवली असतीस, तर ही वेळ आली नसती.”

“बाबा, प्रत्येक वेळी परीक्षा घ्यायलाच हवी का?”

तिची आई मध्ये पडली – “अहो, घास तरी गिळू द्या तिला!”

मग मुलीने एकाएकी विचारले, “तुम्ही त्या पॅनेलमध्ये काही बदललंत का?”

“बदलले. पूर्ण विचार करून बदलले.”

ती भरल्या ताटावरून उठली. आजकाल कुणाला सरळ उत्तर सोसत नाही!

२२ मार्च

माझीही मेलपेटी रिकामी. त्यात नवल नाही. निवृत्त म्हणजे मेलेलाच; मेलेल्या माणसाला कोण लिहितो?

३० मार्च

जावई गाडी घेऊन आला. तोंडात साखर, डोळ्यांत कडी. मुलीने बॅग उचलली. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द ओठांपर्यंत आले होते. त्यांऐवजी म्हणालो, “चार्जर घेतलास ना?”

“घेतला, बाबा.”

तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

१ एप्रिल

छापखान्यातल्या जुन्या सोबत्याचा फोन : “अरे, तुला पाठवलेली मेल परत येतेय. घर बदललंस की देह ठेवलास?”

होस्टिंगच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगी बोलत होती. “आजोबा, एमएक्स म्हणजे तुमच्या डोमेनची टपालपेटी. मेल कुठे पोचवायची ते त्यावरून कळतं. दोन्ही नोंदी काढल्यात कुणीतरी, चार मार्चला.”

“कोणी?”

“लॉगिन तुमचंच दिसतंय.”

तिने सांगितल्याप्रमाणे दोन्ही ओळी परत घातल्या. दहा. वीस. दुसरी पहिलीची पुनरुक्ती नव्हे. पहिली बंद पडली तर टपाल घ्यायला उभी असते.

२ एप्रिल

मुलीला फोन केला. सगळे सांगितले.

“मला माहीत होतं, बाबा. एका कंपनीनं फोन केला होता – मेल परत येतेय, म्हणून जागा दुसऱ्याला दिली. तेव्हाच तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, पूर्ण विचार करून. मला वाटलं, मी जावं असंच तुमच्या मनात आहे.”

“नाही गं! ये. आत्ता ये. मी न्यायला येतो –”

मागून जावयाचा आवाज : “कोण आहे?”

“राँग नंबर,” ती म्हणाली.