दुसऱ्यांचे डाग

सोमवार, ३ तारीख
लागली बाई एकदाची नोकरी! त्वचेच्या दवाखान्यात मदतनीस. डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ, पण हाताला सफाई आहे. वांग, तीळ, तांबूस ठिपके, सगळं लेसरने उडवतात. आणि गालभर ठिपके मिरवणाऱ्या माझ्यासारखीला, इथली म्हणून, फुकट! शाळेत पोरं माझ्या लेकीला, चिमणीला, ठिपकेवालीची पोर म्हणून चिडवतात. तिची कांती मात्र लोण्यासारखी. माझं काही तिच्यात उतरलं नाही, नशीब! खोड एकच, गुडघ्याची खपली काढायची आणि गट्टम. शी! किती धपाटे घातले, पण छे.

बुधवार, ५
आज माझे गाल झाले. रबर ताणून सोडल्यासारखे चटके बसतात. डाग काळे पडलेत, खपली धरून आपोआप गळतील, नख लावू नकोस, असं बाईंनी दटावलंय. माझं काम म्हणजे पेशंटच्या चेहऱ्याजवळ धूर ओढणारी नळी धरायची. जळक्या केसांचा वास सुटतो. मास्क लावायचाच, हा इथला पहिला नियम. पण तो माझ्या ताज्या गालांवर घासतो, आग आग होते. बाई भिंगात डोळे घालून बसल्या की मी तो हळूच हनुवटीवर ओढते.

मंगळवार, ११
गळल्या खपल्या! गाल साफ! चिमणीने पाच पाप्या घेतल्या, शाळेच्या फाटकापर्यंत हात सोडला नाही. मला रडूच आलं. घसा तेवढा खवखवतोय. सकाळी खाकरले तर थुंकीत काळी कणी. ईऽऽ!

शुक्रवार, १४
गालावर नवा डाग. घेवड्याच्या बीसारखा वाकडा. कुठे बरं पाहिला, म्हणून आठवत बसले आणि अंगावर काटाच आला. त्या पेशंट शिक्षिकाबाईंच्या नाकावरचा. मीच नळी धरली होती. त्यातला पांढरा केसही तसाच. उपटला. मुळाशी काहीतरी पिवळं, ओलं, लिबलिबीत. भडाभडा ओकले.

रविवार, १६
ओठाखाली दुसऱ्या पेशंटचा, त्या टॅक्सीवाल्याचा लोंबता तीळ. डॉक्टरीणबाईंना घरी गाठून दाखवला. त्यांनी मास्कचं विचारलं. हनुवटीवर ओढायचे, म्हटलं. त्या दोन पावलं मागेच सरकल्या. म्हणाल्या, धुरातून आत गेलेल्याला इलाज नाही. खपल्या गळतील तेव्हा कण न् कण जाळ. दुसऱ्याच्या पोटात गेला तर तिथे मूळ धरतो. घरात पोर असेल तर लांब झोपव.

मंगळवार, १८
जिभेवर. टाळूवर. कुणाकुणाचे — घास गिळवत नाही, तोंडाला तोच जळका वास. स्वतःचीच किळस येते. चिमणी बाहेरच्या खोलीत मुसमुसतेय. पापी का देत नाहीस म्हणते. कशी देऊ गं, सोन्या —

बुधवार, १९
सगळ्यांनी खपली धरली. खाज — जीव जाईल अशी. नख लावणार नाही. नाही —

गुरुवार, २० सकाळ
आरशात — मी! साफ! एकही नाही!
उशी झटकली. चादर झटकली. खपली कुठेच — एकही नाही. काय जाळू?
पांघरुणात चिमणी. ही कधी येऊन झोपली? नखांत काळं. जबडा हलतोय.
म्हणते, सगळे डाग मी काढले, आता पापी दे.
तोंड उघड म्हटलं. उघडलं. जिभेवर घेवड्याच्या बीसारखा — मी बोटाने ओढला. निघत नाही. त्याला पांढरा के