दुरुस्तीसाठी दोन दाबा

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्याचे अनेक आशीर्वाद. (भांडण झालं म्हणून आशीर्वाद थांबत नसतात. त्यांना मुदत नसते, आणि ते मधेच तोडले तर दंडही पडत नाही. दंडाचं पुढे येईलच.) इकडे सगळं ठीक आहे. गुडघा सोडला तर माझी तब्येत उत्तम, आणि गुडघ्याला तूच कारणीभूत आहेस, तेही पुढे येईल. तुझा खोकला कसा आहे? तुझ्या वहिनीचं म्हणणं असं की चौदा महिन्यांत एकदा विचारलं नाहीत, आता तो खोकला केव्हाच बरा झाला असेल. झाला असेल तर चांगलंच आहे. नवीन गावचं पाणी मानवतं का, तुझ्या नव्या दुकानाला सकाळचं ऊन येतं का, हेही कळव.

पत्र लिहायचं कारण म्हणजे दुकानाचा फोन. कंपनीचा माणूस करार घेऊन आला तेव्हा मी म्हणालो होतो की शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या दोन माणसांना दोन लाइनी कशाला? काउंटरवर मी, मागच्या खोलीत तू, मधे बारा पावलं. (मोजली आहेत. हल्ली रोज मोजतो.) तुझं म्हणणं पडलं की धंदा मोठा दिसला पाहिजे. झालं, तीन वर्षांचा करार केलास, आणि स्वतःच्या खणखणीत आवाजात भरून ठेवलंस की नव्या मशीनसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा. आता नव्या मशिनी आपण वर्षाला तीन विकतो. बाकी सगळं जग दोन दाबतं.

दोन दाबलं की फोन वाजतो मागच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत कोणी नसतं. मग मी स्टुलावरून उठतो, काउंटरची फळी वर करतो, बारा पावलं जातो. फोन सहा वेळा वाजून थांबतो आणि मी पाचव्याला दारात असतो. दिवसातून दहा-पंधरा वेळा हा प्रकार चालतो, त्यातून हा गुडघा. (फोन उचलून काउंटरवर का आणत नाही, असं म्हणशील. आणला होता. तुझं टेबल फारच मोकळं दिसायला लागलं म्हणून परत नेऊन ठेवला.) त्यात लोकांना वाटतं तू आतच आहेस. पडदे शिवणाऱ्या बाई परवा मशीन घेऊन थेट मागच्या खोलीकडे निघाल्या. मी सांगितलं की भाऊ इथे नसतो, तर म्हणाल्या, असं कसं, आत्ताच माझ्याशी बोलले की. मी हात लावतो म्हटल्यावर त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि ते येतील तेव्हा आणते म्हणाल्या. चाळीस वर्षं मी या धंद्यात घालवली, पण ते झाकण काही मला काढू दिलं नाही.

तेव्हा ठरवलं, फोनच बंद करायचा. म्हटलं, असली भानगड कुणाला हवी, एक साधी लाइन घेऊ आणि सुखी होऊ. कंपनीला विचारलं तर कळलं की कराराचे सोळा महिने बाकी आहेत आणि मधेच सोडला तर सोळाच्या सोळा महिन्यांचं भाडं भरायचं, दोन्ही लाइनींचं. म्हणजे बोललो तरी पैसे, गप्प बसलो तरी पैसे. मात्र धंदाच बंद झाला असेल तर दंड माफ, असं पलीकडच्या मुलीने सांगितलं. मी सरळमार्गी माणूस, पण मोहात पडलो. म्हटलं, झालाय बंद. तिने हळहळ व्यक्त केली, मलाही स्वतःचं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर बसलो होतो, फोन वाजला, आणि मी नेहमीसारखा ठणकावून म्हणालो, बोला, दुकान चालू आहे, काय बिघडलंय? पलीकडे तीच मुलगी. खात्री करायला फोन केला म्हणाली.

शेवटी त्यांच्या ऑफिसात गेलो. (तुझी वहिनी सोबत होती, मी तिथे आवाज चढवेन म्हणून.) टोकन घेतलं, गार हवेत तासभर बसलो, मग एका टायवाल्याने बोलावलं. माणूस भला होता. त्याने दंड माफ होण्याच्या कारणांची यादी पुढे ठेवली आणि म्हणाला, यातलं काही लागू पडतंय का बघा. आग लागली, पूर आला, दुकान अशा ठिकाणी हलवलं की जिथे त्यांची लाइन पोचत नाही, भागीदार मयत झाला. मी ती यादी तीनदा वाचली. बरं, इतकं सगळं लिहिणाऱ्याला भाऊ नुसता उठून दुसऱ्या गावी जाऊ शकतो, एवढं सुचू नये? टायवाल्याने पेनाचं टोक भागीदाराच्या ओळीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नाही हो, धडधाकट आहे तो, साधा गुडघासुद्धा दुखत नाही त्याचा. आणि मग कोण जाणे काय झालं, मी त्याला तुझ्याबद्दल सांगतच सुटलो. डोळे मिटून चाकावर हात ठेवतोस आणि कुठला दात झिजलाय ते सांगतोस, हे सांगितलं. लहानपणी माझी सायकल खोलून पुन्हा जोडलीस आणि चार स्क्रू उरले तरी ती चालली, हेही. मागे रांग वाढत होती. तुझी वहिनी माझी बाही ओढत होती. टायवाला मात्र ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला की मग दंड भरूनच करार मोडावा लागेल, त्याला दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतात.

परतताना माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. आपलं जे काही झालं ते या फोनवरच झालं. तू नव्या मशिनी आणखी ठेवू या म्हणत होतास, मी नको म्हणत होतो, आणि मला बारा पावलं चालायचा कंटाळा आला म्हणून मी काउंटरवरून बटण दाबलं आणि म्हणालो, दुकान माझं आहे. समोर असतास, तुझा चेहरा दिसला असता, तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. दुकान माझं कधीच नव्हतं. मी नुसता पुढे बसत होतो. ते वाक्य चुकलं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि तुला सांगायला मी चौदा महिने घेतले. मोठेपणाची एकदा सवय लागली की माणूस स्वतःच्याच घरात अडकून पडतो. असो. शाईने लिहिलंय, आता खोडत नाही.

बायको-मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
थोरला

ता. क. १: सोबत फॉर्म जोडला आहे. खालच्या ओळीवर तुझी सही हवी. पोस्टाने पाठवलीस तरी चालेल, त्यासाठी एवढ्या लांब यायची काही गरज नाही.

ता. क. २: पण पोस्टाचा आजकाल भरवसा नाही. इकडे पुढच्या दोन-तीन रविवारी मी मोकळाच आहे.

ता. क. ३: भावोजी, मी वहिनी. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. टायवाल्याच्या टेबलाशी मी शेजारीच बसले होते. एकच सही लागते, आणि ती यांची चालते, असं त्याने आम्हाला दोनदा सांगितलं. यांनी पेन हातात घेतलं, ठेवलं, आणि फॉर्म घडी घालून घरी आणला. त्यावर छापलेली सहीची ओळ एकच आहे. खालची यांनी काल जेवणाच्या टेबलावर बसून पट्टीने आखली आहे.