दुसरा डोळा

१ डिसेंबर, मु. अष्टमी, रोह्याजवळ

सिस्टरांचा हुकूम आहे. रोज चार ओळी लिहायच्या, उजव्याच हाताने, म्हणजे बोटं सैल होतात. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "काय पण लिही गो. भाजीचं नाव लिही."

मेथी.

अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आलंय. आषाढात गणपतीच्या कारखान्याच्या ओल्या पायरीवर पडले तेव्हापासून मनगटात स्टीलची पट्टी आहे. हाड जुळलं, बोटं मात्र थरथरतात. दिवाळीपासून इथे वैशूकडे, लेकीकडे. शेजारी फिलोमिना सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्यात, पण हाताखालचा पेशंट अजून सोडवत नाही. गरम पाणी, मीठ, मूठ उघड, मूठ मीट. आमचे हे पेणलाच, रामवाडीत. एसटी डेपोत ड्यूटी आणि कँटीनमध्ये जेवण. फोनवर सांगतात मस्त चाललंय. आवाजावरून काही मस्त वाटत नाही.

३ डिसेंबर

भाऊंचा फोन. कारखान्याचे मालक, पण आम्ही सगळ्या भाऊच म्हणतो. "परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर निघतात, सुमन. जानेवारीत डोळे आखायला तू बसणार की नवीन पोरीला बसवू? वर्ष संपेपर्यंत सांग. घाई नाय."

घाई नाय म्हणाले आणि पुन्हा एकदा तारीख सांगितली.

लग्न होऊन पेणला आले, तेव्हापासून भाऊंच्या गणपतींचे डोळे मी आखते. रंग, पितांबर, दागिने कुणीही करतं. डोळे माझे. ती पोरगी एकदा त्या पाटावर बसली की उठणार नाही, आणि तिने का उठावं? मग मला मुकुटाला सोनेरी लावायला बसवतील. लावीनही. पण आखणी गेली तर मी कोण, ते मला ठाऊक नाही. लिहून टाकलं. सि. ना दाखवायचं नाही.

५ डिसें.

सकाळी कुंडलिकेवर धुकं. पूल अर्धाच दिसत होता, पलीकडे रोहा आहे की नाही कळेना. पुलावरून एक सायकल आली, आधी घंटी, मग माणूस. बराच वेळ उभी राहिले. वैशूला वाटलं मला चक्कर आली.

६ डिसेंबर

सिस्टरांकडे टेबलावर एक लाकडी खोकं मांडलंय. गव्हाण म्हणे. रिकामी. त्यांच्या आईची पद्धत, कोर्लईची. नाताळच्या आधी रोज संध्याकाळी त्या दिवसात जे बरं झालं त्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. पेंढ्याची काडी. मोठं काही घडायला लागत नाही. येशूबाळ यायच्या रात्रीपर्यंत गादी मऊ झाली पाहिजे, एवढंच.

"तू पण टाक," म्हणाल्या.

"मी कशी टाकू?"

"हातानं. तेवढाच व्यायाम."

काय बरं झालं आठवेना. शेवटी मेथीची टाकली. निवडून धुतलेली आयती मिळाली होती, जावयांनी शिफ्टवरून येताना आणली. ह्यांना फोनवर सांगितलं तर हसले. "म्हणजे आता रोहेकरांकडे जाऊन काड्या घालतेस."

९ डिसें.

एक्स-रे काढायला पेणला. हाड चांगलं आहे. "मग थरथर का?" डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. तेच सगळे म्हणतात.

परतताना कासूला उतरले. सिस्टरांकडचा पेंढा संपत आलाय, त्यातही अर्धा किडका. स्टेशनापासून चालत शेतात. भात निघालेलं, वाल वर आलेत, जमीन अजून ओलसर. ऊन पिवळं आणि कुठेच कोणी नाही. असं वाटलं की आपण इथेच राहतो आणि पेण-बिण सगळं ऐकलेलं. मग एक बाई दिसली, खळ्यावर पेंढ्याची उडवी रचत होती.

"पेंढा? गाय हाय का घरी?"

"नाय. येशूबाळाला पाहिजे. निजवायला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग उडवीकडे. "मंग ह्यो नको. वरचा दवानं भिजलाय. थांब गो, आतला सुका देते." आतून उपसून मोठी पेंढी बांधून दिली. पैसे घेईना. "बाळाला कोण पैशानं देतं?"

आज दोन काड्या.

१२ डिसें.

काडी: दुपारची झोप. कढी. वैशूने केस विंचरून दिले, लहानपणी मी तिचे विंचरायची तसे, ओढून.

हल्ली दिवसभर शोधत असते, संध्याकाळी काय टाकायचं. त्यामुळे दिवस जरा हळू जातो. आधी मी सकाळपासून हाताकडेच बघत बसायची.

१३ डिसें.

काही नाही. काडी नाही. सिस्टर म्हणाल्या, "खोटी नको टाकूस, टोचेल त्याला." बरं.

१४ डिसेंबर, रविवार

कळलं आज सिस्टरांच्या मनात काय आहे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं बाळ काढलं. प्लास्टरचं, वीतभर. आईकडून आलेलं. अंगाचा रंग टिकलाय, तोंड मात्र पुसून पुसून कोरं झालंय. डोळ्यांच्या जागी नुसते खळगे.

"आई गेल्यावर मी दरवर्षी तोंड पुसायची. एवढं पुसलं की डोळेच गेले बघ." मग जरा थांबून, "तू आखशील?"

नाही म्हणाले. लगेच म्हणाले, तोंडातून सुटलंच. त्यांनी काही धरून ठेवलं नाही. पाणी गरम करून आणलं, मीठ टाकलं, मूठ उघड, मूठ मीट.

घरी येऊन वैशूवर उगाच चिडले.

१७ डिसें.

स्टीलच्या ताटलीच्या पाठीवर करून बघितलं. बाळाचा डोळा, गोल, लहान. कोपऱ्यापर्यंत रेघ ठीक येते, वळताना हात उडतो. पुसलं. पुन्हा. पुसलं. ताटली काळी झाली आणि मी रडले. सिस्टर भिंतीपलीकडून आल्या. ताटली बघितली, म्हणाल्या, "रड, पण बोटं हलवत रड."

काडी: तेवढी हसले त्याची.

१८ डिसें.

सिस्टरांना सांगून बाळ घरी आणलं. आखायला नाही, नुसतं. ब्रश धरल्यावर समोर काहीतरी असावं म्हणून. वैशू म्हणते रात्री तुझ्या उशाशी ठेवून झोपतेस. ठेवते. पडेल कुठे म्हणून.

२० डिसेंबर

नीट लिहायला हवं, पण अजून खरं वाटत नाही.

जेवून ओसरीवर बसलेले. ऊन. वैशू आत पोहे पाखडत होती, सुपाचा आवाज, फट् फट्, थांबून पुन्हा. पापण्या जड झालेल्या. डाव्या हातात बाळ, उजव्यात बारीक ब्रश, काळा रंग कालवलेला. ताटलीवर काढायचं होतं. मी विचार कसलाच करत नव्हते. कारखान्यात दुपारी असंच असतं, बायका हळू बोलतात, पत्र्यातून उन्हाची तिरीप मूर्तीवर येते आणि हात चालू असतो. सूप थांबलं तेव्हा भानावर आले.

डोळा काढून झाला होता. बाळाच्या तोंडावर.

रेघ कुठे हललेली नाही. आतल्या कोपऱ्यापासून लांब, शांत, कानशिलाकडे निमुळती, वर पापणीची दुसरी रेघ, बुबुळ किंचित खाली झुकलेलं. गणपतीचा डोळा. येशूच्या तोंडावर मी गणपतीचा डोळा काढून ठेवला.

वैशू बाहेर आली. बघतच राहिली. "आई, हा तर बाप्पा झाला गो."

पुसायला कापड घेतलं. मग हात चालेना. इतक्या महिन्यांनी आलेली पहिली सरळ रेघ, ती पुसू? आणि नाही पुसली तर दुसऱ्याच्या आईच्या देवाचं मी हे काय केलं?

वाळत ठेवलंय. सि. ना उद्या. झोप लागणार नाही.

२१ डिसें.

सकाळीच गेले. बाळ हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी नेलं. बराच वेळ पाठ माझ्याकडे. मी म्हणत राहिले, पुसता येतं, ओल्या कापडाने निघतं, हात आपोआप, सवय, माफ करा, आत्ता पुसते.

"पुसू नको," म्हणाल्या. वळल्या तेव्हा डोळे भरलेले, पण हसत होत्या. "आमचा बाळ यंदा पेणला जन्मला म्हणायचा."

"लोक काय म्हणतील, सिस्टर?"

"लोकांना मी इंजेक्शनं दिलीयत. काय नाय म्हणत."

मग अर्थातच, "आणि दुसरा?"

तिथेच गाडी अडते. पहिला डोळा जसा येईल तसा येतो, त्याला कुणी विचारत नाही. दुसरा त्याच्यासारखाच यावा लागतो, तेवढाच लांब, तेवढाच झुकलेला, नाहीतर मूर्ती तिरळी. आमच्यात माणूस ओळखतात तो दुसऱ्या डोळ्यावर. आणि काल ज्या हाताने काढला तो हात आज माझ्याकडे नाही. सकाळी ताटलीवर बघितलं. थरथर.

तसं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "मग कुशीवर निजवू. तान्ही पोरं कुठं सरळ निजतात?"

२४ डिसेंबर

जावयांना सुट्टी. मागच्या आवारात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, कांदे, वर पुन्हा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. हे संध्याकाळच्या एसटीने आले, बारीक झालेत. माझ्या ताटात सोलून शेंगा टाकत बसले. धुराचा वास केसांना, हाताला, सगळ्यांना. सिस्टरांनी नवी साडी नेसून शेंगा खाल्ल्या आणि साडीवर राख पाडून घेतली.

मग त्यांच्याकडे. खोक्यात पेंढा चांगला मूठभर झालाय, बाळाला पुरेल एवढा. शेवटची काडी कशाची ते कुणी कुणाला सांगितलं नाही. सिस्टरांनी बाळ उजव्या कुशीवर ठेवलं, कोरी बाजू पेंढ्यात. वरचा डोळा आमच्याकडे. खरंच झोपेतून नुकतं जागं झाल्यासारखं दिसत होतं, अजून पूर्ण उठायचं नाही असं. हे माझ्या कानात म्हणाले, "तुझाच हात आहे. लांबून ओळखला असता."

मी सुखात होते. असंच लिहिते, दुसरं काही सुचत नाही. हात थरथरत होता, भाऊंना उत्तर द्यायचं होतं, आणि मी सुखात होते.

२५ डिसें.

दिवसभर माणसं. कोर्लईहून सिस्टरांची मावसबहीण, डब्यात करंज्या आणि नारळाचा केक. मी दारामागे. तिने गुडघे टेकले, बाळाच्या पायाला हात लावला, मग निरखून बघितलं. "डोळा नवीन केलास?" सिस्टर म्हणाल्या, "व्हय." "छान वाटतंय. बघतंय ते." बस्स. करंजी मला दिली.

दुपारी ह्यांना पुलापर्यंत सोडायला गेले. नदी चकचकत होती. हळूहळू चाललो. बरं वाटलं.

२८ डिसें.

ताटली. तीन वेळा बरा, नंतर नाही. मुद्दाम सूप पाखडायला सांगितलं वैशूला. नाही. असं बोलावून येत नाही ते.

३१ डिसेंबर

भाऊंना मीच फोन केला. खरं सांगितलं. एक डोळा आला, बाळाचा. दुसरा केलेला नाही. जमेल म्हणवत नाही आणि नाही जमणार हेही म्हणवत नाही.

भाऊंच्या मागे मशीनचा आवाज.

"सोनेरी लावायला येशील?"

"येईन," म्हणाले. मनापासून म्हणाले, ह्याचं मलाच नवल वाटलं. महिन्यापूर्वी फोन आपटला असता.

"सोनेरीला बायका हायेत माझ्याकडं," भाऊ म्हणाले. "शुक्रवारी ये. एक मूर्ती समोर ठेवतो. नवी पोरगी पण असेल. काय ते तिथंच बघू."

सिस्टरांना सांगितलं. बाळाचा दुसरा डोळा आधी करून बघू का, सरावाला? नको म्हणाल्या. "सहा तारखेला तीन राजे त्याला बघायला येतात, तोवर त्याला कोण उठवत नाय." मग माझी बोटं एकेक ओढून, चोळून, खूप वेळ. निघताना करंज्यांचा डबा.

२ जानेवारी, पेण

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, कारखान्याच्या मागच्या पायरीवर.

पाट माझाच होता. भाऊंनी हातभर उंचीची मूर्ती ठेवली, अंगाचा रंग झालेला, तोंड कोरं. सगळ्या बायका एकदम कामात बुडाल्या, कुणी वर बघेना. नवी पोरगी तेवढी बघत होती. नाव पूजा. दोन्ही हात मांडीवर दाबून धरलेले. तिला म्हटलं, इकडे ये, जवळ बस, लांबून काही दिसत नाही. बसली.

मग मी नुसती बसून राहिले. भाऊंनी घाई केली नाही. पत्र्यातून ऊन सरकत सरकत सोंडेवर आलं.

डावा आला.

एका दमात, वळणासकट. पूजाने श्वास सोडला तो ऐकू आला. उजव्यासाठी ब्रश बुडवला, तर भाऊ म्हणाले, "आधी जेव सुमन. डबा गार होतोय." त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. घाबरले असतील. मीही.

मूर्तीच्या तोंडावर कागद घातलाय. एका डोळ्याचं तोंड उघडं ठेवत नाहीत आमच्यात. डब्यात ह्यांनी केलेलं वालाचं बिरडं. मीठ जास्त झालंय, पण चव आहे. पूजाला अर्धं दिलं. ती विचारते, "काकी, तो दुसरा नाय आला तर?"

"मग तू बसशील, मी शेजारी बसेन," म्हटलं.

पायांवर ऊन आहे. सगळ्या जेवून उठल्या. माझे दोन घास राहिलेत, ते खाते आणि हात धुते.