हिवाळ्यात नासलेलं दूध

माय, आज ऑफिसात दिवसभर एका समुद्राचा नकाशा बघत बसले होते. समुद्र इतका लांबचा की तू म्हणाली असतीस, "तिकडच्या पान्याचं आन् आपलं काय सोयरपण?" सोयरपण आहे, माय. ते पाणी तापलं की वर आभाळातल्या वाऱ्यांची वाट सरकते. आपल्याकडे पाऊस बऱ्याचदा ओढ देतो आणि पुढं हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा आपल्या नांदूरघाटापर्यंत नीट पोचत नाही, ढग येतात, रात्री उबदार राहतात. तेच पाणी निवलं की थंडी बहुधा कडक पडते. हे वाचण्यावरच माझी नोकरी चालते.

तू थंडी न वाचताच वापरायचीस. बायकांच्या दूध संस्थेची तू चेअरमन, आणि दिवाळी झाली की दूध न्यायची संध्याकाळची गाडी बंद. संध्याकाळचं दूध कॅनमध्ये, कॅनला ओलं पोतं, आणि कॅन रात्रभर अंगणात उघड्यावर. सकाळच्या गाडीनं सगळं एकदम जायचं. "फुकटचा बरफ हाय, डिझेल कावून जाळायचं?" हे तू अशा ऐटीत म्हणायचीस की मला अजून हसू येतं.

दुष्काळाच्या त्या वर्षीही तू सवयीनं गाडी बंद केलीस, आणि थंडी आलीच नाही. आभाळ भरून राहिलं. सकाळी झाकणं काढली तर सगळं दूध नासलेलं. विकतचा चारा घालून काढलेलं दूध होतं ते. कुणाची किटली घाण, कुणी काय मिसळलं, यावरून बायका एकमेकींवर उठल्या. संस्था त्याच सकाळी मोडली असती. तू ओट्यावर उभी राहिलीस. "कुनाचंच न्हाई. गाडी मी बंद केली, चूक माझी हाय." मला तुझा अभिमान वाटला आणि रागही आला. दिवसभर तू जेवली नाहीस. संध्याकाळी शेजारच्या मावशी किटली घेऊन आल्या. "उठा चेअरमनबाई, माप लावा. गाडी मातर बोलवा." त्यांच्यामागून बाकीच्याही आल्या.

संस्था वाचली, पण तो दोष तू मरेपर्यंत सोडला नाहीस. पुढं दर हिवाळ्यात झोपण्याआधी अंगणात जाऊन हात पुढे करून गारवा बघायचीस.

चूक तुझी नव्हती, त्या समुद्राची होती, एवढं सांगायला हे लिहायला घेतलं. एका हिवाळ्याचा दोष सरळ समुद्रावर टाकता येत नाही, असं मीच नव्या पोरांना शिकवते. तरी त्या वर्षीचा नकाशा माझ्याकडे आहे. मी तो अजून उघडलेला नाही, माय. समुद्र त्या साली गार निघाला, तर तुला काय सांगू?